हत्यारच बोथट झालं तर?

परवा व्हॅलग्रिंड चालवलं तर फंक्शनची नावं हजर, ओळींचे नंबर गायब! म्हणजे लीक आहे, पण कुठल्या ओळीत ते सांगणार नाही. सवयीप्रमाणे आधी स्वतःवरच संशय. दोन तास मेकफाइल उकरली. मग वैतागून तोच कोड जुन्या जीसीसी १० ने कंपाइल केला, आणि नंबर परत!

चोर सापडला. २०२१ च्या जीसीसी ११ मध्ये डीबग माहितीचा डीफॉल्ट ड्वॉर्फ ५ झाला. ते वाचता येतं व्हॅलग्रिंड ३.१७ पासून, माझं ३.१६. कंपाइलरला ‘ड्वॉर्फ ४ च दे’ असा फ्लॅग दिला, काम झालं.

रिलीज नोट्समध्ये लिहिलं होतं, मान्य. बदलही रास्तच, मानक २०१७ चं आहे. माझं भांडण आपल्याशीच आहे. कंपाइलर बदलला की आपण टेस्ट्स चालवतो, डीबगिंगची हत्यारं कोण तपासतो? प्रोग्राम तर झकास चालतो. कळतं ते रात्री अकराला, क्रॅश आल्यावर.

म्हणून बिल्डमध्ये मुद्दाम लीक करणारा दहा ओळींचा प्रोग्राम टाकलाय. व्हॅलग्रिंडला त्याची ओळ सापडली नाही, की बिल्ड लाल. टीमलीडला अजून पटलेलं नाही :)