नाव, वय, किंमत

शनिवार सकाळ, बाहेर पाऊस, हातात आल्याचा चहा आणि फोन सायलेंटवर. असा योग क्वचित येतो. तेव्हा गेले काही आठवडे डोक्यात घोळणारा विषय आज लिहूनच टाकतो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्या प्रोजेक्टवर क्लायंटकडचा एक सीनियर आहे. साठीच्या जवळचा, मूळचा व्हर्जिनियाचा, माणूस अगदी सज्जन. त्याचा छंद म्हणजे वंशावळ. एकदा रात्रीच्या डिप्लॉयमेंटला बिल्ड अडकला होता (नेहमीप्रमाणे), तेव्हा वेळ घालवायला त्याने स्क्रीन शेअर करून आपलं खानदान दाखवलं. आठ पिढ्या! प्रत्येक नावापुढे जन्म, लग्न, मृत्यू, आणि पुरावा म्हणून जुन्या कागदांचे स्कॅन. मी खरंच इंप्रेस झालो. आमच्या घरी कुलवृत्तांताचं जाडजूड पुस्तक आहे, पण त्यातल्या निम्म्या गोष्टी 'असे म्हणतात' वर संपतात.

त्यातला एक स्कॅन मृत्युपत्राचा होता. मोठ्या मुलाला जमीन, बायकोला पलंग, गाद्या आणि घोडा, धाकट्या मुलीला... एक बाई. नुसतं पहिलं नाव. आणि पुढे लिहिलं होतं, 'तिच्या होणाऱ्या वाढीसह'. मला आधी कळेचना. वाढ म्हणजे काय, व्याज? मग ट्यूब पेटली. वाढ म्हणजे त्या बाईला पुढे होणारी मुलं. अजून जन्मलीच नाहीत, पण मालक ठरलेला.

मी सहज विचारलं, "ही बाई तुझ्या चार्टमधे कुठे आहे?"

"ती कुटुंबातली नव्हती ना," तो म्हणाला. तेवढ्यात बिल्ड पास झाला आणि विषय तिथेच राहिला.

माझ्या डोक्यातून मात्र जाईना. मग दोन-तीन वीकेंड मी हेच वाचत बसलो. जे कळलं ते थोडक्यात सांगतो.

अमेरिकेत गुलामांचे वंशज आपलं कुळ शोधायला निघाले की १८७० सालापाशी भिंत लागते. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यात मालकाचं नाव असायचं, आणि खाली एकेका ओळीत गुलामाचं वय, लिंग, रंग. नाव नाही! १८६५ ला गुलामगिरी संपली आणि १८७० च्या जनगणनेत ही लाखो माणसं पहिल्यांदा नाव-आडनावासकट आली. मग त्याआधीच्या पिढ्या शोधायच्या कुठे? उत्तर एकच: मालकाच्या कागदांत. आपल्या भाषेत सांगायचं तर ही माणसं 'व्यक्ती'च्या टेबलमधे नाहीतच, ती 'मालमत्ते'च्या टेबलमधे आहेत. क्वेरी तिथेच मारायला लागते.

पहिला कागद मृत्युपत्र. मालक मेला की मृत्युपत्र काउंटीच्या कोर्टात नोंदवलं जायचं. मग कोर्टाने नेमलेले शेजारपाजारचे काही लोक येऊन घरातल्या सगळ्या वस्तूंची यादी करायचे. त्यात कढया, बैल, पुस्तकं, आणि माणसं. नाव, कधी वय, आणि किंमत. त्यानंतर वारसांमधे वाटणी, तिची वेगळी नोंद. म्हणजे एखादी बाई कोणत्या मुलीच्या वाट्याला गेली हे कळतं. त्या मुलीचं लग्न कुणाशी झालं ते शोधलं की बाई पुढे कुठल्या गावी गेली तेही कळतं. म्हणून गुलामाचा माग काढायचा तर आधी मालकाची वंशावळ पक्की हवी. लेकी, जावई, सुना, सगळं.

दुसरा कागद करनोंदी. हा प्रकार मला जास्त आवडला, कारण जनगणना दहा वर्षांतून एकदा, पण कर दरवर्षी! व्हर्जिनियात १७८२ पासून जंगम मालमत्तेवर कर होता. घोडे, गुरं, गुलाम, सगळं त्यात. सुरुवातीच्या काही वर्षांत बऱ्याच काउंट्यांमधे गुलामांची नावंही लिहिली गेली, नंतर नुसते आकडे. पण आकडेही बोलतात. ठरावीक वयाच्या वरच्याच गुलामांवर कर लागायचा. तेव्हा खरेदी-विक्री नसताना एखाद्या वर्षी आकडा एकने वाढला, तर घरातलं एखादं पोर करपात्र वयाचं झालं असण्याची शक्यता मोठी. त्यावरून त्याच्या जन्माच्या वर्षाचा अंदाज बांधता येतो. शिवाय या याद्यांची प्रत राज्य सरकारकडे जायची, त्यामुळे कोर्टाची इमारत यादवी युद्धात जळाली तरी करयादी बरेचदा वाचलेली असते. बॅकअपचं महत्त्व, आणि काय!

आता एक अस्सल उदाहरण. थॉमस जेफरसन. 'सर्व माणसे समान जन्मतात' असं जाहीरनाम्यात लिहिणारा, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला. त्याचा सासरा जॉन वेल्स १७७३ साली वारला आणि बायकोच्या वाट्यातून जेफरसनकडे १३५ गुलाम आले. त्यांच्यात एलिझाबेथ हेमिंग्ज नावाची बाई आणि तिची मुलं होती. सर्वांत धाकटी सॅली, त्याच वर्षी जन्मलेली. सॅलीचा बाप खुद्द जॉन वेल्स, असं तिचा मुलगा मॅडिसन याने पुढे सांगितलं. म्हणजे जेफरसनच्या बायकोला वडिलांकडून वारशात स्वतःची सावत्र बहीण मिळाली. मालमत्ता म्हणून.

हे कागदावर थेट दिसत नाही, कारण बापाची नोंद करायची गरजच नव्हती. व्हर्जिनियाने १६६२ साली कायदा केला होता की मूल आईच्या दर्जावर जाणार. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणीही असो. बापाचा कॉलम कायद्यानेच गाळून टाकला. जेफरसन शेतीची नोंदवही अतिशय नेटाने ठेवायचा. कुणाला किती कापड, किती मासे, कुणाला मूल कधी झालं, सगळं आहे. सॅलीची मुलंही आहेत. बापाचं नाव नाही.

१८७३ साली मॅडिसन हेमिंग्जने ओहायोतल्या एका वर्तमानपत्राला सगळी हकीकत सांगितली: माझे वडील थॉमस जेफरसन. तरी सव्वाशे वर्षं बहुतेक इतिहासकारांनी ती बाजूला ठेवली. १९९७ मधे अ‍ॅनेट गॉर्डन-रीड यांनी पुस्तक लिहून दाखवलं की मालकाच्या नातवंडांचा शब्द पुरावा म्हणून चालतो आणि गुलामाच्या मुलाचा शब्द 'अफवा' ठरतो, हाच मुळात घोळ आहे. १९९८ मधे डीएनए तपासणी झाली. सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाचा वाय क्रोमोसोम जेफरसन घराण्याशी जुळला. नुसत्या डीएनएने बाप नेमका कोण हे ठरत नाही, पण सॅलीच्या मुलांच्या जन्माच्या नऊ महिने आधी जेफरसन घरीच होता, हे त्याच्याच नोंदींतून निघतं. माँटिसेलो सांभाळणाऱ्या संस्थेच्या समितीनेही २००० साली हाच निष्कर्ष बहुधा बरोबर असल्याचं मान्य केलं.

आणि जेफरसनचं मृत्युपत्र? १८२६ चं. त्यात पाच जणांना मुक्ती आहे. मॅडिसन आणि एस्टन त्यात आहेत, सॅली नाही. पाचांतला एक जो फॉसेट, लोहार. त्याला मुक्ती मिळणार होती जेफरसनच्या मृत्यूनंतर एका वर्षाने. पण कर्ज फेडायला जानेवारी १८२७ मधे लिलाव झाला आणि त्यात जोची बायको आणि मुलं विकली गेली. मृत्युपत्र वाचलं तर जेफरसन दयाळू वाटतो, लिलावाच्या नोंदी वाचल्या तर कळतं की ती दया केवढीशी होती. म्हणून एकच कागद वाचून मत बनवू नये. दोन्ही जॉइन करावेत.

"अरे पण काळच तसा होता," हे नेहमीचं वाक्य. खरं आहे का? त्याच व्हर्जिनियात रॉबर्ट कार्टर नावाच्या बड्या जमीनदाराने १७९१ साली दस्त नोंदवून साडेचारशेहून जास्त गुलामांना टप्प्याटप्प्याने मुक्त करायला घेतलं. १७८२ च्या कायद्याने तशी सोय होती. काळ तोच, राज्य तेच, कायदा तोच. तेव्हा काळाच्या डोक्यावर सगळं फोडू नका.

आता माझं मत. ज्याच्याकडे मालकाच्या घराण्याचे कागद आहेत, त्याने त्यातल्या गुलामांची नावं वंशावळीसोबत उघड केली पाहिजेत. यात अपराधी वाटून घेण्याचा प्रश्न नाही. खापरपणजोबाने केलेल्याची शिक्षा पणतवाने भोगावी असं कुणी म्हणत नाही. पण कागद आज तुझ्या कपाटात आहेत, ही गोष्ट आजची आहे. तुझ्यासाठी ती आठव्या पिढीची एक तळटीप असेल, पण दुसऱ्या कुणासाठी त्याच्या आजीच्या आजीचा तो एकमेव पुरावा आहे. तो दाबून ठेवणं हा निर्णय तुझा आहे, खापरपणजोबाचा नाही.

एडवर्ड बॉल या लेखकाने हे केलं. साउथ कॅरोलायनातलं त्याचं घराणं शतकानुशतकं गुलाम बाळगून होतं. त्याने घरचे कागद उपसले आणि गुलामांच्या वंशजांच्या दारी गेला. १९९८ मधे पुस्तक आलं. त्या कागदांत १७५६ साली सिएरा लिओनहून आलेल्या जहाजावरून विकत घेतलेली दहाएक वर्षांची एक मुलगी आहे, मालकाने नाव ठेवलं प्रिसिला. तिच्यापासून आजपर्यंतची साखळी जुळली आणि २००५ साली तिच्या वंशातली एक बाई सिएरा लिओनला जाऊन आली. अडीचशे वर्षांनी! मालकाच्या हिशेबाच्या वह्या नसत्या तर हे शक्य नव्हतं.

आता आपल्याकडे येऊ. (म्हटलं ना, लांबेल.) मॅडिसन हेमिंग्जची हकीकत छापून आली ते १८७३ साल. त्याच साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. फुल्यांना पुण्यात बसून तिथलं दिसत होतं. आपल्याला आपल्या घरातलं दिसतं का? पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. मी परवा आमचा कुलवृत्तांत काढून पाहिला. अमक्याला इनाम मिळालं, तमक्याने वाडा बांधला. त्या इनामावर राबलं कोण, वाड्यात पाणी भरलं कोण? एक ओळ नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "तेव्हा असायची रे माणसं."

'ती कुटुंबातली नव्हती ना' आणि 'असायची रे माणसं'... फरक मला तरी सापडला नाही.

त्या सीनियरला मी भीत भीत एक मेल टाकला होता, वर लिहिलंय ते सगळं सभ्य भाषेत. तीन आठवडे उत्तर नाही. वाटलं, झालं, आता अप्रेझलला बोंब. मग गेल्या मंगळवारी एक एक्सेल शीट आली, मेलमधे मजकूर काहीच नाही. एकतीस ओळी. नाव, वय, किंमत, कोणत्या मृत्युपत्रातून. आणि शेवटी त्याने स्वतः वाढवलेला एक कॉलम: आई. एकतीसपैकी नऊ जणींच्या-जणांच्या पुढे तो भरलेला होता. बाकी रिकामा, पण कॉलम आहे.

आमच्या घरी माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे, मोडीतल्या कागदांनी भरलेली. आजवर ती कुणी वाचली नाही, कारण कुणाला मोडी येत नाही, आणि खरं सांगायचं तर कुणाला वाचायचीही नव्हती. उद्या रविवार आहे. ती खाली काढतोय. ओळखीत कुणी मोडी शिकवणारं असेल तर सांगा.