बक्कल आणि बांगडी

मराठी ललित निबंधात 'वडिलांचे घड्याळ' ही एक रूढ प्रतिमा होऊन बसली आहे. घड्याळ बहुधा एचएमटीचे असते, रोज चावी द्यावी लागणारे. त्याचा पट्टा चामड्याचा, घामाने काळवंडलेला असतो, आणि बक्कलाचा काटा ज्या भोकात बसतो ते भोक वर्षानुवर्षांच्या वापराने लांबट झालेले असते. त्या भोकाकडे पाहून लेखकाला वडिलांचे कष्ट आठवतात आणि निबंध संपतो. या प्रतिमेशी आमचे वैर नाही. बंगळूरच्या कारखान्यात १९६१ पासून सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने तयार होऊ लागलेल्या त्या घड्याळांनी दोन पिढ्यांना वेळ दाखवली. २०१६ मध्ये सरकारने ती कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला तेव्हा हळहळ वाटणे स्वाभाविकच होते. आमचा आक्षेप आहे तो या हळहळीच्या आडून रूढ होणाऱ्या निवाड्याला. चामडे म्हणजे संस्कार, पोलाद म्हणजे प्रतिष्ठा आणि ताणून मनगटावर चढवायचा कापडी पट्टा म्हणजे पोरखेळ, असा तो निवाडा आहे. हल्ली तो स्टाफरूममध्ये, मुलाखतींच्या दालनात आणि समारंभांच्या सूचनांतही ऐकू येतो.

हा निवाडा अभिरुचीचा आहे असे मानले जाते. आमच्या मते तो एका विशिष्ट हाताचा आहे. हा हात कोरड्या हवेतला, दोन्ही बाजूंनी धड असलेला आणि पुरुषाचा आहे. त्या हाताला जे सोयीचे, ते आपण 'औपचारिक' म्हणतो. बाकीच्या हातांच्या सोयीला 'अनौपचारिक' ठरवतो.

प्रथम भाषेकडे पाहू. मनगटावर येणाऱ्या वस्तूंची मराठीत दोन घराणी आहेत. बांगड्या आपण 'भरतो', कडे 'चढवतो'. ही बंद वर्तुळे असतात आणि हाताचा सर्वांत रुंद भाग ओलांडूनच त्यांना मनगटापाशी यावे लागते. राखी आणि गंडा मात्र आपण 'बांधतो'. त्यांना दोन टोके असतात, गाठ असते आणि बहुतेक वेळा बांधणारा दुसरा कोणीतरी असतो. घड्याळ या दोन घराण्यांच्या उंबऱ्यावर उभे आहे. आपण ते बांधतो, लावतो आणि घालतोही. (त्यातले 'लावणे' पुन्हा वेळ जुळवण्याच्या अर्थानेही येते, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात असेलच.) बक्कलाचा पट्टा कमरपट्ट्याचा वंशज म्हणून 'बांधण्याच्या' घराण्यात बसतो. ताणणारा पट्टा सरळ बांगडीच्या घराण्यातला आहे. कासार बांगड्या भरताना अंगठा तळव्यात दुमडायला आणि बोटे जुळवून हात निमुळता करायला सांगतो. बक्कल नसलेला लवचीक पट्टा चढवताना हात नेमका तोच आकार घेतो. फरक एवढाच, की काच ताणली जात नाही म्हणून तिथे हात दाबावा लागतो आणि इथे हाताऐवजी पट्टा नमते घेतो.

या आक्षेपाचे मूळ इथेच सापडते. ज्या भाषेत पुरुषाला भ्याड ठरवण्यासाठी 'हातात बांगड्या भर' हे तीन शब्द पुरतात, त्या भाषेत बांगडीसारख्या चढणाऱ्या घड्याळाला गांभीर्य कसे लाभणार? गंमत अशी, की मनगटी घड्याळ हेच मुळात युरोपात स्त्रियांचे आभूषण मानले जाई. पुरुषांची घड्याळे साखळीला अडकून खिशात राहत. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांना खिशातून घड्याळ काढत बसणे परवडेना, आणि बायकी मानलेली वस्तू बघता बघता मर्दानी ठरली. वैमानिक सांतोस-द्युमाँ यांच्यासाठी कार्तिए यांनी १९०४ च्या सुमारास मनगटी घड्याळ घडवले, तेही उड्डाणात हात मोकळे राहावेत म्हणून. म्हणजे मनगटी घड्याळाच्या जन्मामागे 'हात मोकळा असणे' ही एकच मागणी होती. ताणणारा पट्टा हीच मागणी आणखी एक पाऊल पुढे नेतो.

मनगट ही निरागस जागा नव्हे, हे महाराष्ट्राला वेगळे सांगण्याची गरज नसावी. पतिनिधनानंतर बांगड्या फोडण्याच्या प्रथेविरुद्ध कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला तो २०२२ साली. मनगटावर काय असावे, ते कोणी चढवावे आणि कोणी उतरवावे, याचे कायदे आपल्याकडे समाज करीत आला आहे. घड्याळाच्या पट्ट्यावरची कुजबूज ही त्या कायद्यांचीच एक सौम्य, सुशिक्षित आवृत्ती आहे.

आता हवेचा प्रश्न. आमचे म्हणणे पटत नसेल त्यांनी जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी रत्नागिरीच्या मांडवी बंदरावर चामड्याचा पट्टा बांधून तासभर उभे राहून पाहावे. समोर समुद्र, डावीकडे भाट्याची खाडी, पायाशी काळी वाळू आणि हवेत मीठ. या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. चामडे इथे भिजते, वाळण्याआधी पुन्हा भिजते, मग त्याला बुरशी धरते आणि वास येतो. हलक्या धातूचे बक्कल गंजते आणि मनगटावर डाग सोडते. गळ टाकून बसणारा, होडी ओढणारा, मासळी साफ करणारी यांच्या मनगटासाठी तो पट्टा कधी घडवलाच गेला नव्हता. निबंधातले ते लांबट भोक घाटावरच्या कोरड्या हवेत कदाचित तीस वर्षे टिकत असेल. किनाऱ्यावर त्याला एवढे आयुष्य नाही. तरीही आमचे कोकणातले लेखकसुद्धा तीच प्रतिमा गिरवतात, तेव्हा त्यांनी आपल्या मनगटाऐवजी वाचलेल्या निबंधांवर विश्वास ठेवला असे म्हणावे लागते.

पण आमचा मुख्य मुद्दा हवेचाही नाही. बक्कल दुसरा हात मागते. नुसता हातच नव्हे, तर चिमूट मागते: अंगठा आणि तर्जनी यांनी काटा धरणे, पट्ट्याचे टोक ओढून ठेवणे आणि उरलेले टोक बारक्या पट्टीखाली सरकवणे. संधिवाताने बोटे आखडलेल्या, पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेल्या किंवा हाताला कंप असलेल्या माणसाला ही तीन कामे म्हणजे रोज सकाळी दुसऱ्या कुणाला तरी हाक मारणे असते. ताणणाऱ्या पट्ट्याला चिमूट लागत नाही. दुबळ्या हातावर तो चांगल्या हाताने ओढून चढवता येतो. चांगल्या हातावर चढवायचा असेल तर बोटे आत सारून, पट्टा मांडीवर किंवा टेबलाच्या कडेवर घासत वर सरकवता येतो. आमच्या परिचयातील एका ज्येष्ठ प्राध्यापिकांना एका समारंभाच्या सकाळी सुचवण्यात आले, की व्यासपीठावर बसायचे आहे तर 'जरा बरे घड्याळ' घाला. बरे घड्याळ त्यांच्याकडे होते. ते बांधून देणारे कोणी त्या घरात उरले नव्हते. सुचवणाऱ्याच्या मनात दुष्टावा नव्हता, एवढेच आम्ही म्हणू शकतो. अभिरुचीला दुष्टावा लागत नाही, तिला केवळ दोन धड हात गृहीत धरावे लागतात.

आक्षेप घेणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. कापड घाम धरून ठेवते आणि ओला पट्टा तसाच राहिला तर कातडीवर पुरळ उठते. रुग्णालयांत तर हा पट्टा नकोच; ब्रिटनच्या आरोग्य विभागाने २००७ मध्ये कोपराखालचा हात मोकळा ठेवण्याचा नियम सुचवला, तो सर्वच मनगटी घड्याळांना लागू होता. डायलिसिससाठी ज्या हातावर शस्त्रक्रिया झाली आहे त्या हातावर कोणताही पट्टा चढवू नये. हे सगळे मान्य करूनही असे दिसते, की या पट्ट्याचे बहुतेक दोष त्याच्या वापराविषयीच्या अज्ञानातून येतात. चामड्याला तेल लावण्याचे ज्ञान आपण परंपरेने जपले, कापडाचे ज्ञान मात्र कुणी सांगितले नाही. ते थोडक्यात असे: पट्टा मनगटाच्या हाडावर न ठेवता त्याच्या किंचित वर, कोपराच्या बाजूला असावा. एक बोट त्याखाली सहज जावे. संध्याकाळी हात थोडा सुजतो, म्हणून सकाळी घट्ट वाटणारा पट्टा घेऊ नये. काढताना घड्याळाला धरून न ओढता पट्ट्यालाच धरून दुमडत उतरवावा. गोड्या पाण्यात साबणाने धुवावा आणि सावलीत वाळवावा, कारण ऊन आणि उष्णता लवचीक धाग्याचे वैरी आहेत. पावसाळ्यात दोन पट्टे आलटून पालटून वापरावेत. एवढे केले की तक्रारींचे ओझे निम्म्यावर येते.

एका आक्षेपाला मात्र आमच्याकडे सहज उत्तर नाही. चामड्याच्या पट्ट्याला कोपऱ्यावरचा घड्याळवाला किंवा चांभार जादा भोक पाडून देतो, म्हणजे माणूस बारीक झाला तरी पट्टा त्याच्यासोबत राहतो. उलट, ॲपलने सप्टेंबर २०२० मध्ये जो बिनबक्कलाचा विणलेला पट्टा आणला त्याचे माप आधीच ठरलेले असते. मनगट बदलले किंवा पट्टा सैलावला की नवा घ्यायचा. लवचिकतेच्या नावाने विकलेली ही वस्तू व्यवहारात फार ताठर आहे. पण याचा दोष कापडाला देण्याचे कारण नाही. टॉमस हँकॉक यांनी हातमोज्यांना आणि पायमोज्यांना रबराचे लवचीक बंद लावण्याचे पेटंट १८२० मध्ये घेतले, आणि १९५८ साली जोसेफ शिव्हर्स यांनी पुढे लायक्रा म्हणून ओळखला गेलेला धागा शोधला. ते तंत्र आज तालुक्याच्या गावातल्या शिंपीसामानाच्या दुकानात मीटरवर मिळते. अठरा किंवा वीस मिलिमीटर रुंदीची इलॅस्टिकची पट्टी घड्याळाच्या दोन्ही पिनांखालून ओवून शिवणे हे कोणत्याही शिंप्याचे पाच मिनिटांचे काम आहे. असा अखंड पट्टा असला की एक पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेला लटकून राहते. मांडवीच्या धक्क्यावर पाण्यावर वाकलेल्या माणसाला या गुणाची किंमत कळेल.

परकर आणि लेंग्याची नाडी जाऊन इलॅस्टिक आले तेव्हा कुणीही विलापिका लिहिली नाही, हेही नोंदवून ठेवू. 'नाडी' हा शब्द तर कमरेपासून मनगटापर्यंत पोचणारा, कवितेला केव्हाही उपयोगी पडणारा. तरी त्या बदलाला मराठी लेखकांनी निमूट संमती दिली, कारण त्या सोयीचे लाभार्थी ते स्वतः होते. मनगटावरच्या इलॅस्टिकचे पहिले लाभार्थी दुसरेच कोणी आहेत, आणि म्हणून अभिरुचीचा प्रश्न उपस्थित झाला आहे.

आमची मागणी माफक आहे. मौखिक परीक्षेत, मुलाखतीत, व्यासपीठावर कुणाच्या पट्ट्याकडे पाहून त्याचे गांभीर्य मोजू नये. आणि ललित निबंध शिकवताना त्या लांबट भोकाशी थांबून विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा: हे घड्याळ रोज सकाळी वडील स्वतः बांधत होते, की आई बांधून देत होती? निबंधात त्याचे उत्तर सहसा नसते. ते का नसते, याचा विचार वर्गात सुरू झाला तर तासाचे चीज झाले म्हणायचे.