उपटण्याआधी नोंद हवी

मृगाचा पाऊस पडला की हुबळी-धारवाडच्या रिकाम्या प्लॉटांत, रेल्वेरुळांच्या कडेला आणि आपल्या शाळेच्या कुंपणालाही गाजर गवत उगवते. आपण त्याला काँग्रेस गवत म्हणतो. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात देशभर गाजर गवत जागृती सप्ताह असतो. त्या आठवड्यात मैदाने साफ होतात, फोटो निघतात आणि दसऱ्यापर्यंत गवत पुन्हा गुडघ्याला लागते. आमच्या मते उणीव श्रमदानाची नाही, नोंदीची आहे.

भारतात ही वनस्पती प्रथम नजरेस आली १९५५ साली, पुण्यात. अमेरिकेहून आलेल्या धान्याबरोबर तिचे बी आले, असे मानले जाते. एक रोप हजारो बिया टाकते. उगवल्यापासून महिन्या-दीड महिन्यात ते फुलू लागते आणि मातीत गेलेले बी काही वर्षे जिवंत राहते. म्हणजे ऑगस्टमध्ये आपण उपटतो तेव्हा बरेचसे बी पडून गेलेले असते. जमीन ओली असताना, फुलण्याआधी मुळासकट काढले तरच उपयोग. त्यासाठी ते कोठे आणि कधी उगवले, हे कोणीतरी पाहून लिहायला हवे.

हे काम विद्यार्थ्यांइतके चांगले कोण करील? ती रोज त्याच रस्त्याने येतात. प्रत्येक वर्गाने एक रस्ता किंवा एक प्लॉट वाटून घ्यावा आणि दर शनिवारी वहीत लिहावे : तारीख, जागा, रोपे वीतभर की कमरेएवढी, फूल आले की नाही. पाने कुरतडणारे भुंगेरे दिसले तर तेही लिहावे. हे गवत खाणारे मेक्सिकन भुंगेरे १९८४ साली बंगळूरला मुद्दाम सोडण्यात आले होते. ते जेथे काम करीत असतील तेथे आपण घाई करू नये. उणकल तलावातील जलपर्णीचीही अशीच नोंद काठावरून ठेवता येईल. ती अनेकदा काढली गेली आणि पुन्हा पसरली.

पालकांची काळजी रास्त आहे. या गवताने अंगाला खाज सुटते, परागांमुळे शिंका येतात, दम्याचा त्रास वाढतो. म्हणून मुलांनी फक्त पाहावे आणि लिहावे, हात लावू नये. दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांनी वर्गात बसून नकाशा भरावा. उपटण्याचे काम मोठ्यांनी, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून करावे.

विश्वस्तांनी हातमोज्यांचा खर्च उचलावा आणि महिन्याची नोंद महानगरपालिकेकडे पोचवावी. सोबतचे पत्र कन्नडमध्ये असावे; ते आपली मुलेच उत्तम लिहितील. मात्र वहीचे पहिले पान आपल्या कुंपणाचे हवे. स्वतःचे आवार न पाहता दुसऱ्याच्या प्लॉटची तक्रार करणे आम्हाला पटत नाही.