काँप्युटरला ताप आलाय?

दोस्तांनो, मे महिन्यात नागपूर-जळगावकडे पारा ४५ अंशांना टेकतो. पंख्याखाली बसूनही आपण घामाघूम! मग टेबलावरच्या काँप्युटरचं काय होत असेल? गेम जरा रंगात आला, की कॅबिनेटमधला पंखा घों घों करायला लागतो. आत प्रोसेसर तापलेला असतो आणि पंख्याला मिळणारी हवाही गरमच. तापमान ९५-१०० अंशांच्या घरात गेलं, की बरेचसे प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतात. गेम अडखळतो तो त्यामुळे.

मग आपण मोठ्या पंख्यासाठी बाबांच्या मागे लागतो. पण एक बिनखर्ची उपाय आहे. प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज, म्हणजे विजेचा दाब, किंचित उतरवायचा.

गंमत अशी, की प्रोसेसरची बरीचशी उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १० चा वर्ग १००, ९ चा ८१. म्हणजे व्होल्टेज १० टक्के उतरवलं, तर ही उष्णता १९ टक्के उतरते. आणि वेग तोच! १९९३चा पहिला पेंटियम ५ व्होल्टवर चालायचा आणि चांगलाच तापायचा. १९९४ मध्ये त्याच्या धाकट्या भावांना ३.३ व्होल्टवर आणलं, ते काही उगाच नाही.

मग कंपनीच कमी व्होल्टेज का देत नाही? तुमचा गणवेश आठवा. वाढत्या अंगाचा, थोडा ढगळ! कारखान्यातून निघणाऱ्या चिप्स हुबेहूब सारख्या नसतात. प्रत्येक चिप कुठल्याही हवेत, कितीही कामात बिनघोर चालावी म्हणून व्होल्टेज थोडं वाढवूनच ठेवलेलं असतं.

हे बदलायची जागा म्हणजे बायोस. तिथे ‘ऑफसेट’ शोधा. पण आई, बाबा किंवा ताई-दादाला शेजारी बसवूनच, बरं का! चिन्ह उणेच हवं. चुकून अधिक झालं, तर ताप वाढेल आणि चिप कायमची बिघडूही शकेल. आधी ०.०२ व्होल्ट उतरवा. तासभर जड काम द्या, तापमान वहीत लिहा. मग पुढची पायरी. मशीन हँग झालं, की एक-दोन पायऱ्या मागे या.

हँग झालं ते एकवेळ बरं, निदान कळतं तरी! खरा धोका निराळा आहे. २०१९च्या डिसेंबरमध्ये बर्मिंगहॅम, ग्राझ आणि ल्यूव्हेनच्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ नावाची करामत जाहीर केली. इंटेलच्या काही प्रोसेसरचं व्होल्टेज त्यांनी मुद्दाम उतरवलं, तर ते चक्क गुणाकार चुकायला लागले! त्या चुकांचा फायदा घेऊन चिपमधली कुलूपबंद माहितीही बाहेर काढता आली. त्यानंतर अनेक मशीनवर हे बटणच बंद झालं. तुमच्याकडे ऑफसेट सापडला नाही, तर हेही कारण असू शकेल.

तुमचा काँप्युटर असा गुपचूप चुकला, तर चुकीचाच आकडा फाइलमध्ये जाऊन बसेल. म्हणून प्रयोगाआधी शाळेचा प्रोजेक्ट आणि सहलीचे फोटो पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

आणि हो, या सगळ्याच्या आधी प्लग काढून, मोठ्यांच्या मदतीने पंख्यावरची धूळ मऊ ब्रशने झटका. कदाचित बायोसपर्यंत जायची वेळच येणार नाही!