पाठ केलेले उत्तर

लखनौतल्या मराठी कुटुंबांना पुष्पक एक्सप्रेस नवी नाही. दिवाळी किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली, की मुंबईच्या तिकिटासाठी घरोघरी मोबाइल हाती घेतला जातो. पडद्यावर 'उपलब्ध 4' दिसते. चौघांची नावे, वये भरून होतात आणि पैसे भरण्याच्या वेळी तिथे 'वेटिंग' उमटते. फसवणूक झाली असे वाटणे साहजिक आहे. पण बहुतेक वेळा ही फसवणूक नसते. पडद्यावरचे उत्तर शिळे झालेले असते.

मग कॉम्प्युटर शिळे उत्तर देतोच कशाला?

रेल्वेचे आरक्षण 1985 साली दिल्लीत कॉम्प्युटरवर आले आणि 2002 साली इंटरनेटवर. तिकीट काढणाऱ्यांपेक्षा नुसती चौकशी करणारे कितीतरी अधिक असतात. प्रत्येक चौकशीसाठी मूळ नोंदी उलगडत बसले, तर खरे गिऱ्हाईक ताटकळेल.

माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवण्याची कल्पना आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी 1970 साली मांडली. काय हवे ते माणसाने सांगावे, कसे शोधायचे ते यंत्राने ठरवावे, असे तिचे सूत्र. याच कंपनीतील पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी 1979 साली त्याची रीत दाखवली. एका प्रश्नाच्या उत्तराकडे जाणाऱ्या अनेक वाटा असतात. यंत्र प्रत्येक वाटेच्या खर्चाचा अंदाज बांधते आणि स्वस्त वाट धरते. पुष्पकच्या एका दिवसाच्या बर्थ मोजायला सगळ्या गाड्यांच्या नोंदी वाचता येतील किंवा सूची पाहून नेमके तेच पान उघडता येईल. उत्तर एकच, श्रमात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

दुसरी युक्ती पाढ्यांची. बारा सत्ते किती, हे कुणी दर वेळी बोटांवर मोजत नाही. एकदा काढलेले उत्तर यंत्रानेही लक्षात ठेवावे, हा विचार ब्रिटिश शास्त्रज्ञ डोनाल्ड मिकी यांनी 1968 साली मांडला. भाड्याचा हिशेब असाच आहे. अंतर आणि वर्ग तेच असेल, तर भाडेही तेच.

पण पाढे कधी बदलत नाहीत, भाडे बदलते. 1 जुलै 2025 पासून मेल-एक्सप्रेसच्या वातानुकूलित वर्गाचे भाडे किलोमीटरमागे 2 पैशांनी वाढले. लखनौ-मुंबई अंतर सुमारे 1,400 किलोमीटर, म्हणजे मूळ भाड्यात 28 रुपयांची वाढ. अशा दिवशी पाठ केलेली जुनी उत्तरे पुसली नाहीत, तर यंत्र कोणतीही तक्रार न करता प्रत्येक तिकिटाला 28 रुपयांनी चुकत राहील. 'हे उत्तर कधीही बदलत नाही' असे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एकदा सांगितले, की यंत्र त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवते. त्यामुळे काय पाठ करायचे आणि ते केव्हा विसरायचे, ही जबाबदारी शेवटी माणसाचीच राहते.

रिकाम्या बर्थचा आकडा तर भाजीच्या भावासारखा. सकाळचा भाव संध्याकाळी टिकत नाही. एप्रिल 2014 मध्ये सुरू झालेल्या नव्या यंत्रणेने इंटरनेटवरील तिकिटांची क्षमता मिनिटाला 2,000 वरून 7,200 वर नेली, आणि त्यात माहिती हाताशी, यंत्राच्या स्मृतीत ठेवण्याच्या तंत्राचा मोठा वाटा आहे. चौकशीला स्मृतीतले उत्तर चालते. विक्रीला चालत नाही. बर्थ देताना मूळ नोंदच उघडावी लागते आणि व्यवहार पुरा होईपर्यंत ती इतरांना बंद ठेवावी लागते. म्हणूनच शिळ्या उत्तराने पदरी निराशा येते, पण लखनौ जंक्शनवर एकाच बर्थसाठी दोन कुटुंबे भांडत उभी राहत नाहीत.

प्रवाशांनी एवढेच ध्यानात ठेवावे. अनेक अ‍ॅपवर आकड्याखाली तो किती वेळापूर्वीचा आहे हे लिहिलेले असते, ते वाचावे. नावे भरण्याआधी आकडा ताजा करून घ्यावा. मुलेबाळे, वडीलधारी बरोबर असतील, तर आयआरसीटीसीच्या अर्जातील 'कन्फर्म बर्थ मिळाली तरच तिकीट काढा' अशा अर्थाच्या चौकोनात खूण करावी. बर्थ नसेल, तर तिकीट निघत नाही आणि पैसे खात्यात परत येतात.