वयाची अट आणि बर्फावरचा दगड

‘वयाची अट’ हे दोन शब्द आपल्या घरोघरी ठाऊक आहेत. नोकरीची जाहिरात आली की आधी बोट तिथेच जाते. महिनाभराने वय ओलांडले की आईचा चेहरा उतरतो. वय जास्त झाले म्हणून दार बंद, हे आपण नेहमी पाहतो. पन्नाशीच्या माणसाला मात्र वय कमी पडते म्हणून कुणी दारात थांबवल्याचे ऐकले आहे? आज आम्ही अशाच एका खेळाविषयी सांगणार आहोत.

खेळाचे नाव कर्लिंग. जन्म स्कॉटलंडचा, पण वेड कॅनडात फार. चार-चार खेळाडूंचे दोन संघ असतात. सुमारे वीस किलोचा, मूठ बसवलेला ग्रॅनाइटचा गुळगुळीत दगड बर्फाच्या लांब पट्टीवरून सरकवत सोडायचा आणि पलीकडे आखलेल्या वर्तुळांच्या मध्याजवळ न्यायचा. दोन गडी दगडाच्या पुढे बर्फ ब्रशने घासत जातात. त्यामुळे दगड लांब जातो आणि कमी वळतो. इथे ताकदीइतकीच नजर आणि सबुरी लागते. म्हणून केस पिकले तरी माणसे हा खेळ सोडत नाहीत. दिवसा नोकरी-धंदा करायचा आणि संध्याकाळी बर्फावर उतरायचे, अशी हौशी मंडळीच यात जास्त.

अशा ज्येष्ठांसाठी कॅनडात पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९६५ साली सुरू झाली, महिलांची १९७३ साली. जागतिक ज्येष्ठ स्पर्धा २००२ साली आली. तिची अट अशी, की स्पर्धेच्या आदल्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत खेळाडूला पन्नास वर्षे पूर्ण झालेली असावीत.

अट साधी दिसते, पण हिशेब करून पाहा. २०१७ ची स्पर्धा कॅनडातील लेथब्रिज येथे एप्रिलमध्ये झाली. १ जुलै १९६६ रोजी जन्मलेल्या खेळाडूचे वय तेव्हा पन्नास वर्षे नऊ महिने होते. तरी तो अपात्र! एक दिवस आधी जन्मला असता तर पात्र. आपल्याकडे कित्येकांच्या दाखल्यावर गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लिहून टाकली. तशी तारीख असलेला माणूस तिकडे मात्र सुटला असता!

थट्टा बाजूला ठेवू. रेघ कुठेतरी ओढावीच लागते, आणि जिथे ओढाल तिथे कुणीतरी एका दिवसाने बाहेर राहणारच. खरा प्रश्न ती रेघ हलवताना येतो. संघ चौघांचा असतो. तिघे पन्नाशी ओलांडलेले आणि चौथा अजून अठ्ठेचाळीसचा. वीस वर्षांचा हा सोबती सोडून दुसरा घ्यायचा, की दोन वर्षे थांबायचे? समजा, तिघे थांबले. चौथा पन्नाशीला पोहोचता पोहोचता अट पंचावन्नवर नेली, तर त्यांनी कुणाकडे दाद मागावी? उलट अट पंचेचाळीसवर आणली, तर कालपर्यंत अव्वल स्पर्धा गाजवणारे खेळाडू उतरतील. मग अडुसष्टीच्या माणसाने त्यांच्यापुढे किती टिकावे?

दोन्ही बाजू एकाच माणसात पाहायच्या तर कॉलीन जोन्स यांचे उदाहरण घ्या. पेशाने त्या दूरचित्रवाणीच्या पत्रकार होत्या. २००१ आणि २००४ साली त्यांच्या संघाने जगज्जेतेपद मिळवले. पुढे लेथब्रिजला, वयाच्या ५७ व्या वर्षी, किम केली आणि नॅन्सी डेलाहंट या जुन्या सोबतिणींना घेऊन त्यांनी जागतिक ज्येष्ठ स्पर्धाही जिंकली. जुनी जोडी टिकवण्याचे हे गोड फळ. पण समोरच्या साध्या हौशी संघाला जगज्जेतीशी झुंजावे लागले, हेही खरेच.

यावर कॅनडाने एक शहाणा उपाय केला आहे. साठीपुढच्यांसाठी वेगळी राष्ट्रीय स्पर्धा ठेवली. एकाला बाहेर काढून दुसऱ्याला जागा देण्यापेक्षा शिडीला आणखी एक पायरी जोडली.

२०२० साली कॅनडातील केलोना येथे जागतिक ज्येष्ठ स्पर्धा व्हायची होती. करोनामुळे ती रद्द झाली, २०२१ सालीही झाली नाही. २०२२ मध्ये जिनिव्हा येथे ती पुन्हा भरली. त्याच सुमारास टोकियो ऑलिंपिक वर्षभर लांबले. पुरुषांच्या फुटबॉलची अट तेवीस वर्षांची. ती तशीच ठेवली असती, तर पात्रता मिळवून दिलेली मुले घरी बसली असती. म्हणून ती चोवीस केली. ज्येष्ठांच्या स्पर्धेला वरची मर्यादा नाही, म्हणून कागदावर त्यांचे काही गेले नाही. पण अडुसष्टीच्या माणसाची दोन वर्षे म्हणजे काय, हे गुडघे दुखणाऱ्या आजोबांना विचारा.

म्हणून आम्ही म्हणतो, नियम जरूर बदलावा. काळ बदलतो तसा तो बदलायलाच हवा. पण आधी पुरेशी सूचना द्यावी, आणि रांगेत उभ्या असलेल्याला मध्येच ओढून बाहेर काढू नये. तारीख कागदावर असते, वाट पाहणारा मात्र माणूस असतो. अट खेळाची असो वा नोकरीची, ती लिहिणाऱ्या हाताने एवढे विसरू नये.