विद्यापीठाचा संघ पुण्यात नव्हे, जिमखान्यात ठरतो

द्वारका चौकातून निघालेला रस्ता थेट पुण्याला जातो. अंतर सुमारे २१० किलोमीटर. नाशिकच्या अनेक खेळाडूंना विद्यापीठाचा संघही तेवढाच दूर वाटतो. तो तसा नाही.

नाशिकचे विद्यार्थी कोणत्या संघातून खेळतात?
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ची. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. संलग्न महाविद्यालयातील विद्यार्थी याच विद्यापीठाकडून खेळतो. वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी मात्र नाशिकमध्येच मुख्यालय असलेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या संघात जातात.

अमेरिकेसारखा कायमचा संघ असतो का?
नाही. तिकडे विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्याला लाखभर प्रेक्षक जमतात, खेळाडूंना शिष्यवृत्तीवर घेतात. आपल्याकडे संघ दरवर्षी नव्याने बांधला जातो आणि स्पर्धा संपली की खेळाडू आपापल्या वर्गात परततात.

निवड कशी होते?
सांघिक खेळांत आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाचा संघ. पुढे भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा. खेळाडू नियमित अभ्यासक्रमाचा विद्यार्थी हवा आणि वयाच्या अटीत बसणारा हवा. पहिली नोंद महाविद्यालयाच्या जिमखान्यात होते. ती चुकली की वर्ष गेले.

याचा उपयोग काय?
नाशिकची धावपटू संजीवनी जाधव हिने २०१७मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवले. २०२०मध्ये भुवनेश्वरच्या पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत पुणे विद्यापीठ पंजाब विद्यापीठापाठोपाठ दुसरे आले. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. मात्र कोणत्या स्पर्धेचे प्रमाणपत्र चालते, हे शासन निर्णयात पाहूनच ठरवावे.

मग अडते कुठे?
माहितीपाशी. प्रवेशाच्या पावतीवर जिमखाना शुल्क छापलेले असते, पण निवड चाचणीची तारीख नोटीस बोर्डाच्या कोपऱ्यात राहते. सिन्नर किंवा चांदवडहून रोज एसटीने येणारी मुलगी तास संपताच परतीची गाडी गाठते. तो कागद तिला दिसतच नाही. तिच्यापेक्षा कमी वेगाने धावणारी संघात जाते, कारण तिला तारीख ठाऊक असते. यात तोटा त्या मुलीचा आहे, तसाच विद्यापीठाचाही.

उपाय महागडा नाही. प्रत्येक महाविद्यालयाने सत्र सुरू होतानाच चाचण्यांचे वेळापत्रक, लागणारी कागदपत्रे आणि प्रवासभत्त्याचे नियम विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावेत. स्पर्धा आणि परीक्षा एकाच दिवशी आली तर काय करायचे, हेही लेखी सांगावे. विद्यार्थ्यांनीही वाट पाहू नये. प्रवेश झाला की पहिल्याच आठवड्यात क्रीडा संचालकांना गाठावे. पुण्याच्या संघाची पहिली पायरी तिथेच आहे.